प्रेशर वाढवलं की रिव्हर्स मायसेल फुगतो का आक्रसतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. हेप्टेन या तेलकट द्रवात एओटीचे (पाण्याकडे राहणारं डोकं आणि तेलात राहणाऱ्या शेपट्या असलेला साबणासारखा रेणू) रिव्हर्स मायसेल, म्हणजे एओटीच्या थरात गुंडाळलेले पाण्याचे बारीक थेंब बनवलेत, डब्ल्यू-झिरो २०, म्हणजे एओटीच्या दर रेणूमागे पाण्याचे २० रेणू. साध्या दाबाला डीएलएसवर (डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग, विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचं माप काढणारं मशीन) त्रिज्या ४.७ नॅनोमीटर आली, तेच सॅम्पल १०० मेगापास्कलला नेलं तर ९.८ आली. गाइड म्हणतात दाबाखाली थेंब लहान व्हायला पाहिजे, मशीन म्हणतंय दुप्पट झाला. मग खरं काय? शिवाय पुढे प्रोपेनमध्ये हेच करायचंय आणि नंतर आत कायमोट्रिप्सिन हे एन्झाइम घालायचंय, तर तिथे काय अपेक्षा ठेवायची?

आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं सांगतो. तुमचा थेंब दुप्पट झालेला नाही, आणि नजरेत भरेल इतका लहानही झालेला नाही. तो जवळपास आहे तेवढाच आहे. बदललंय ते त्याच्या भोवतीचं हेप्टेन, आणि तुम्ही डीएलएसला ते सांगितलेलं नाही. हाय प्रेशर सेलवर (जास्त दाब सोसणारी सॅम्पलची बंद डबी) बरीच वर्षं काम केलंय, त्यात या एका गोष्टीवरून चांगले चांगले डेटा वाया गेलेले बघितलेत, म्हणून जरा लांब लिहितोय.

पहिल्यांदा डोक्यातलं फुग्याचं चित्र काढून टाका. आपल्याला वाटतं बाहेरून दाबलं की फुगा आक्रसतो. फुग्यात हवा असते म्हणून तो आक्रसतो, इथे आत पाणी आहे. आणि हा हायड्रोस्टॅटिक दाब आहे, म्हणजे हेप्टेनवर १०० मेगापास्कल असेल तर थेंबाच्या आतल्या पाण्यावरही तेवढाच आहे, मधल्या एओटीच्या थराला कुणी एका बाजूने चेपत नाहीये. मग थेंबाचा आकार ठरतो कशावर? तो साधा हिशोब आहे. एओटीचं प्रत्येक डोकं पाण्याच्या पृष्ठभागावर साधारण अर्धा चौरस नॅनोमीटर जागा घेतं, आणि दर डोक्यामागे किती पाणी सांभाळायचं ते तुम्ही डब्ल्यू-झिरो ठरवताना आधीच ठरवून टाकलंय. घनफळ भागिले क्षेत्रफळ, गुणिले तीन, झाली त्रिज्या. पाण्याचा एक रेणू ०.०३ घन नॅनोमीटर धरला तर डब्ल्यू-झिरो २० ला आतल्या पाण्याच्या गोळ्याची त्रिज्या ३.५ नॅनोमीटरच्या आसपास येते, त्यावर शेपट्यांचा थर मिळवला की तुमचे ४.७. अशा एका थेंबात अंदाजे ३०० एओटी आणि ६,००० पाण्याचे रेणू असतात.

आता दाब या हिशोबातलं काय बदलू शकतो ते बघा. १०० मेगापास्कलला पाण्याचं घनफळ साधारण ४ टक्के कमी होतं. डोक्याची जागा तेवढीच राहिली तर त्रिज्याही साधारण ४ टक्केच कमी होणार, म्हणजे ३.५ चे ३.४ च्या जवळ. आणि दाबाने डोकी एकमेकांजवळ थोडी सरकली, जागा कमी झाली, तर तीच त्रिज्या उलट थोडी वाढणार. दोन्ही परिणाम बारीक, एकमेकांच्या विरुद्ध. तुमच्या डीएलएसच्या रोजच्या चुकीतच हे बुडून जातं. म्हणजे गाइड म्हणतात ती दिशा चुकीची नाही, पण ते एवढं छोटं आहे की त्यावर काही निष्कर्ष उभा करायचा तर न्यूट्रॉन किंवा एक्स-रे स्कॅटरिंग लागेल.

मग ९.८ कुठून आले? डीएलएस त्रिज्या मोजत नाही, ते थेंब किती झपाट्याने इकडेतिकडे हलतायत ते मोजतं, आणि मग स्टोक्स-आइन्स्टाइनच्या समीकरणात सॉल्व्हंटची व्हिस्कॉसिटी (द्रव वाहायला किती जड आहे तो आकडा) टाकून त्रिज्या काढतं. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही हेप्टेन निवडलंत की ते २५ अंशाला आणि साध्या दाबाला जी व्हिस्कॉसिटी असते तीच घेतं, साधारण ०.३९ मिलिपास्कल-सेकंद. १०० मेगापास्कलला हेप्टेनची व्हिस्कॉसिटी दुपटीहून जास्त होते, साधारण २.२ पट धरा. थेंब तेवढाच असला तरी तो आता २.२ पट हळू हलणार, आणि मशीन समजणार की थेंब मोठा झाला. त्यात हेप्टेनचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही (प्रकाश किती वाकवतो तो आकडा) वाढलेला असतो, १.३८५ वरून १.४२ च्या वर जातो, त्यामुळे डीएलएसच्या हिशोबातल्या स्कॅटरिंग व्हेक्टरचा वर्ग ५-६ टक्क्यांनी वाढतो आणि तो उलट्या दिशेने थोडं ओढतो. ४.७ गुणिले २.२, भागिले १.०६. करून बघा, ९.८ च्या जवळच येतं. म्हणजे तुमचा सगळाच्या सगळा फुगवटा हेप्टेनचा होता. मला खरं तर हे बघून बरं वाटलं, कारण याचा अर्थ तुमची सेल आणि अलाइनमेंट व्यवस्थित आहे, फक्त दोन आकडे बदलायचे राहिलेत.

पण दुरुस्ती केल्यावर प्रत्येक वेळी बरोब्बर ४.७ येईलच असं नाही, ५.२ किंवा ५.५ सुद्धा येऊ शकतं, आणि खरा इंटरेस्टिंग भाग तिथे सुरू होतो. दाब थेंबाचा आकार फारसा बदलत नाही, तो थेंबांमधली ओढ बदलतो. माझ्या मते या सगळ्या विषयात लक्षात ठेवायची गोष्ट हीच.

ही ओढ कुठून येते तर शेपट्यांमधून. एओटीला फाटे फुटलेल्या दोन शेपट्या आहेत, हेप्टेनचे रेणू त्यांच्या मध्ये शिरून बसलेले असतात, त्यामुळे दोन थेंब जवळ आले तरी शेपट्या एकमेकींत सहज अडकत नाहीत. आता दाबाखाली पाणी ४ टक्के आक्रसतं तिथे हेप्टेन सुमारे ९ टक्के आक्रसतं, म्हणजे तेलाची बाजू पाण्याच्या दुप्पट-अडीचपट दाबली जाते. जो फरक पडायचा तो तेलाच्या बाजूला, शेपट्यांच्या थरात पडतो. शेपट्या घट्ट रचल्या जातात, ताठ होतात, त्यांची एकमेकींशी ओढ वाढते, आणि दोन थेंब भेटले की जरा जास्त वेळ चिकटून राहतात. सॉल्व्हंटची साखळी जितकी लांब तितकं हे जास्त जाणवतं, कारण लांब अल्केन (हेप्टेनसारखी कार्बनची साखळी) शेपट्यांमध्ये मुळातच कमी शिरतं. डेकेनमध्ये (हेप्टेनपेक्षा लांब साखळी) एओटीचे थेंब साध्या दाबालाही हेप्टेनपेक्षा जास्त चिकट असतात, त्यात दाब टाकला की पुरेशा पाण्याच्या सॅम्पलमध्ये फेज सेपरेशनच होतं, म्हणजे सॅम्पलचे दोन वेगळे थर पडतात. सफायरच्या खिडकीतून हे बघायला मिळतं, आधी स्वच्छ सॅम्पलला निळसर झाक येते, मग दुधासारखं होतं, आणि धीर धरला तर मधे एक रेघ दिसायला लागते. दाब सोडला की परत स्वच्छ. पहिल्यांदा बघाल तेव्हा व्हिडिओ करून ठेवा, क्लाउड पॉइंट (सॅम्पल गढूळ व्हायला लागतं तो दाब) नंतर त्यावरून नीट वाचता येतो.

इथे एका गोष्टीत बऱ्याच जणांची गल्लत होते. याच सिस्टिममध्ये तापमान वाढवलं तरी फेज सेपरेशन होतं, मग लोक लिहून टाकतात की दाब आणि तापमान सारखंच काम करतात. बाहेरून सारखं दिसतं, आतून नाही. जड पाणी, एओटी आणि डेकेन या सिस्टिमवर जपानमधल्या नागाओ, सेतो, कावाबाता यांच्या गटाने न्यूट्रॉन स्पिन एकोने (न्यूट्रॉन वापरून थराची थरथर मोजायची पद्धत) हे नीट उलगडलं, २००४ मध्ये फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये आलंय. तापमानाने बदल डोक्याच्या बाजूने होतो, सोडियम आयन डोक्यापासून जास्त सुटे होतात आणि थर लवचिक राहतो. दाबाने बदल शेपटीच्या बाजूने होतो आणि थर वाकायला कडक होतो, बेंडिंग मॉड्युलस वाढतो. तेव्हा थिसिसमध्ये दाब म्हणजे तापमानाचा पर्याय असं लिहू नका, परीक्षक हा विषय जाणणारा असेल तर तिथेच थांबवेल.

ओढ मोजायची कशी? सगळ्यात स्वस्त मार्ग कंडक्टिव्हिटी. थेंब सुटे असतात तोवर सॅम्पल जवळपास इन्सुलेटर असतं, चिकटून साखळ्या झाल्या की आयन एका थेंबातून दुसऱ्यात जायला लागतात आणि कंडक्टिव्हिटी एकदम काही हजार पटीत उडी मारते, यालाच परकोलेशन म्हणतात. डेकेन, अनडेकेनसारख्या सॉल्व्हंटमध्ये दाब वाढवला की ही उडी कमी तापमानाला यायला लागते. दुसरा मार्ग म्हणजे तुमचंच डीएलएस, पण डायल्यूशन सीरीज करून. डब्ल्यू-झिरो तोच ठेवून थेंबांचं प्रमाण चार-पाच पायऱ्यांत कमी करा आणि प्रत्येक दाबाला डिफ्युजन कोइफिशंट (थेंब किती झपाट्याने पसरतात तो आकडा) विरुद्ध प्रमाण असा ग्राफ काढा. शून्याला नेऊन जे मिळतं ती खरी त्रिज्या, आणि रेषेचा उतार म्हणजे ओढ. दाबाने उतार खाली झुकत गेला आणि शून्यावरची त्रिज्या हलली नाही, तर तुमची गोष्ट सिद्ध झाली. फक्त फार पातळ करू नका, एओटी अल्केनमध्ये मिलिमोलरच्या आसपास सुटं राहतंच, त्यामुळे अगदी पातळ सॅम्पलमध्ये थेंबांच्या वाट्याला एओटी कमी पडतं आणि आतला खरा डब्ल्यू-झिरो तुम्ही बाटलीवर लिहिलाय तो राहत नाही.

आता प्रोपेन. इथे सगळं उलटं होतं, आणि हे आधी माहीत नसेल तर माणूस चक्रावतो. प्रोपेनचा क्रिटिकल पॉइंट (ज्याच्या पलीकडे द्रव आणि वायू असा फरक उरत नाही) ९६.७ अंश आणि ४.२५ मेगापास्कल, इथेनचा ३२.२ अंश आणि ४.८७ मेगापास्कल. या पॉइंटच्या जवळ हे सॉल्व्हंट इतकं विरळ असतं की शेपट्यांना त्याचा आधार पुरत नाही, शेपट्यांना सॉल्व्हंटपेक्षा दुसऱ्या थेंबाच्या शेपट्या बऱ्या वाटतात, म्हणून ओढ जास्त. दाब वाढवला की सॉल्व्हंटची डेन्सिटी वाढते, शेपट्यांना आधार मिळतो आणि ओढ कमी होते. त्यामुळे इथे दाब वाढवला की एकाच फेजमध्ये जास्त पाणी मावतं, आणि दाब कमी केला की सॅम्पल गढूळ होतं. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबोरेटरीच्या गेल, फुल्टन आणि स्मिथ यांनी १९८७ मध्ये सुपरक्रिटिकल, म्हणजे क्रिटिकल पॉइंटच्या पलीकडच्या फ्लुइडमधले रिव्हर्स मायसेल दाखवले तेव्हापासून हा धागा चालू आहे. म्हणजे एकच एओटी, एकच पाणी, पण डेकेनमध्ये दाब थेंबांना जवळ आणतो आणि प्रोपेनमध्ये लांब करतो. दाबाचा परिणाम काय असं नुसतं विचारण्यात अर्थ नाही, कुठल्या सॉल्व्हंटमध्ये आणि त्याच्या क्रिटिकल पॉइंटपासून किती लांब, हे आधी सांगायला लागतं. आणि प्रोपेनमध्ये दाबाचा आवाकाही वेगळा, तिथे १० ते ३० मेगापास्कलमध्येच सगळा खेळ होतो, हेप्टेनच्या सवयीने एकदम १०० ला गेलात तर इंटरेस्टिंग भाग मागेच राहील.

कार्बन डायऑक्साइडचं नाव तुम्ही घेतलं नाहीत पण कुणीतरी सुचवेलच, म्हणून सांगतो, साधं एओटी त्यात विरघळत नाही. १९९६ मध्ये जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी फ्लोरीन असलेल्या पॉलीइथरचा सर्फॅक्टंट (एओटीसारखा साबणी रेणू) वापरून त्यात पाण्याचे थेंब टिकवले आणि आत अल्ब्युमिन प्रोटीनसुद्धा ठेवलं. तो वेगळाच रस्ता आहे, सध्या तिकडे जाऊ नका.

आणखी एक फरक, पंपाने दाबणं आणि गॅसने दाबणं ही एक गोष्ट नाही. नायट्रोजनचा सिलिंडर लावून प्रेशर दिलं तर नायट्रोजन हेप्टेनमध्ये विरघळतो, म्हणजे तुम्ही दाबासोबत सॉल्व्हंटही बदललं. कार्बन डायऑक्साइडने दाबलं तर ते हेप्टेनमध्ये भरपूर विरघळतं, सॉल्व्हंटची ताकद पाडतं, आतल्या पाण्याचा पीएच आम्लाकडे नेतं, आणि पुरेसा दाब दिला तर थेंबातलं प्रोटीन किंवा नॅनोपार्टिकल खाली बसतात. बीजिंगच्या हान यांच्या गटाने नॅनोपार्टिकल बाहेर काढायला हेच मुद्दाम वापरलंय. मिथेन किंवा प्रोपेनने थंडीत दाबलं तर थेंबांतलं पाणी गॅस हायड्रेट होऊन बर्फासारखं खाली बसतं आणि डब्ल्यू-झिरो आपोआप उतरतो, तुलेन युनिव्हर्सिटीच्या जॉन यांच्या गटाने १९८९ च्या सुमाराला हे दाखवलं. ही सगळी उपयोगी कामं आहेत, पण तुमचा प्रश्न निव्वळ दाबाचा असेल तर पिस्टन किंवा पंप, आणि दाब पोचवणारं द्रवही तेच हेप्टेन.

यावरून एक माझाच अनुभव. सुरुवातीला आमच्या सेलमध्ये दाब पाण्याने यायचा आणि मधे पातळ टेफ्लॉनचा पडदा होता. सलग तीन दिवस दाबासोबत त्रिज्या छान सरळ रेषेत वाढत गेली, आम्ही खूश, ड्राफ्टसुद्धा लिहायला घेतला. मग दाब उतरवताना मोजलं तर त्रिज्या खाली आलीच नाही. सेल उघडली तर पडद्याच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी चीर होती, आणि दर वेळी थोडं थोडं पाणी आत जाऊन थेंबांत शोषलं जात होतं. सॅम्पल शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं, कारण रिव्हर्स मायसेल आलेलं पाणी मुकाट पिऊन टाकतात. तेव्हापासून नियम केला की चढताना जेवढे पॉइंट तेवढेच उतरताना, आणि आधी-नंतर कार्ल फिशर टायट्रेशनने पाणी मोजायचं. परत साध्या दाबाला आल्यावर ४.७ आले नाहीत तर तो सगळा रन रद्द.

अजून काही गोष्टी पटापट सांगतो. हेप्टेन झटकन दाबलं तर गरम होतं, उष्णता बाहेर जायला वेळ मिळाला नाही तर १०० मेगापास्कलला १५ ते २० अंश, पाणी जिथे जेमतेम २-३ अंश गरम होतं. ओढ आणि परकोलेशन तापमानाला फार नाजूक, तेव्हा प्रत्येक पायरीला थांबा, आणि थर्मोकपल सेलच्या भिंतीत नको, सॅम्पलच्या जितकं जवळ जाईल तितकं बरं. सायक्लोहेक्झेन वापरायचा मोह टाळा, ते साध्या दाबालाच ६.५ अंशाला गोठतं, आणि दर मेगापास्कलला गोठणबिंदू साधारण अर्धा अंश वर जातो, म्हणजे २५ अंशाला ४० मेगापास्कलच्या आतच सेलमध्ये दगड तयार. बेंझीनचंही तसंच, जरा उशिरा. डेकेनसुद्धा काही शे मेगापास्कलला गोठतं, हेप्टेन आणि आयसोऑक्टेन मात्र निर्धास्त. ओ-रिंग ईपीडीएम रबराच्या असतील तर आजच बदला, अल्केनमध्ये त्या फुगतात, व्हायटॉन घ्या.

कायमोट्रिप्सिनबद्दल बातमी चांगली आहे. ऑक्टेनमधल्या एओटीच्या थेंबात ठेवलेलं कायमोट्रिप्सिन दाबाखाली उष्णतेला जास्त टिकतं, हे मॉस्को आणि माँपेलिए इथल्या गटांनी मिळून १९९५ मध्ये दाखवलंय. पण तुम्ही डब्ल्यू-झिरो २० घेऊन बसलाय, या एन्झाइमची अ‍ॅक्टिव्हिटी साधारण १० च्या आसपास सगळ्यात चांगली असते, थेंब त्याच्या मापाचा होतो तिथे, तेव्हा सीरीज ८ ते २० अशी घ्या. आणि बफर फॉस्फेटचा असेल तर थांबा. फॉस्फेटचा पीके (बफर कुठल्या पीएचच्या आसपास काम करतो तो आकडा) १०० मेगापास्कलला जवळजवळ ०.४ ने खाली येतो, म्हणजे तुम्ही दाब बदलतोय समजून पीएचही बदलत असता, आणि अ‍ॅक्टिव्हिटी कशामुळे हलली ते मग कधीच कळणार नाही. ट्रिस या दुसऱ्या बफरचा पीके दाबाला फारसा हलत नाही, तापमानाला मात्र भरपूर हलतो, म्हणून पुन्हा तेच, प्रत्येक पायरीला तापमान स्थिर होईपर्यंत थांबायचं.

आत्ता लगेच करायचं असेल तर नवीन रन लावू नका. आहे तोच डेटा घ्या, प्रत्येक दाबाची हेप्टेनची व्हिस्कॉसिटी आणि रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स टाकून ऑटोकोरिलेशन (डीएलएसचा मूळ सिग्नल) परत फिट करा, आणि ३०, ६०, १०० मेगापास्कलचे दुरुस्त आकडे इथे टाका. ते ४.७ च्या आसपास सपाट राहिले तर डायल्यूशन सीरीजकडे वळा, आणि वर चढत गेले तर आधी उतरतानाचे पॉइंट दाखवा.